तीस पॉइंट म्हणजे किती युनिट?

बडोद्याच्या दांडिया बाजारातले एक मराठी घर. घर आणि माणसे नमुन्यादाखल मांडली आहेत. इन्सुलिन भरण्यातली चूक मात्र ओळखीची आहे आणि एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट व १०० युनिट अशा दोन्ही मापांचे इन्सुलिन बाजारात आहे तोवर ती कुठे ना कुठे होत राहणार. ऑनलाइन मधुमेह वर्गात ती आधी नजरेतून कशी सुटली आणि नंतर कशी सापडली, तेवढेच इथे पाहायचे आहे.

बाई ६६ वर्षांच्या, मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. टाइप २ मधुमेह १४ वर्षांचा, त्यातली शेवटची पाच वर्षे इन्सुलिनवर. ३०/७० हे मिश्र ह्यूमन इन्सुलिन (३० टक्के लवकर, ७० टक्के सावकाश लागू पडणारे) सकाळी १८ आणि रात्री १२ युनिट, शिवाय मेटफॉर्मिन ५०० दोन्ही जेवणांबरोबर. जानेवारीत एचबीएवनसी, म्हणजे मागच्या तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी रक्ततपासणी, ७.६ होते. एप्रिलमध्ये ८.९ आले, जुलैत ९.८. सरासरी साखरेच्या भाषेत सांगायचे तर १७० च्या आसपास असलेली बाई २३५ वर गेली. रात्री तीन-तीनदा लघवीला उठणे, वजन चार किलोंनी कमी, पायाच्या बोटांना मुंग्या. डॉक्टरांनी दर भेटीला डोस वाढवत नेला आणि जुलैअखेर तो सकाळी ३०, रात्री २० वर पोचला. साखर जागची हलली नाही.

मुलगा पुण्यात. त्याने आईचे नाव एका ऑनलाइन वर्गात घातले. सहा रविवार, दर वेळी ४० मिनिटे, कारण फुकटच्या व्हिडिओ कॉलची मर्यादा तेवढीच. सहभागी २८, सगळ्यांचे माइक बंद. पडद्यावर मराठी स्लाइड: ताट कसे वाढायचे, पाय कसे तपासायचे, इन्सुलिन कुठे ठेवायचे. प्रत्येक वर्गानंतर दहा प्रश्नांची चाचणी. बाईंना ६० पैकी ५८ मिळाले, वर्गात सर्वांत जास्त. हायपो, म्हणजे साखर फार उतरणे, म्हणजे किती? ७० च्या खाली. तेव्हा काय करायचे? १५ ग्रॅम साखर, १५ मिनिटे थांबायचे, पुन्हा तपासायचे. सगळे तोंडपाठ.

वर्गात सर्वांत जास्त गुण आणि सर्वांत जास्त साखर एकाच व्यक्तीच्या नावावर. अशा वेळी सगळ्यात सोपा निष्कर्ष निघतो तो म्हणजे ‘काकू चोरून खात असतील’. हा निष्कर्ष आळशी आहे. तो काढला की पुढे काही तपासावे लागत नाही, आणि पेशंट पुढच्या वेळेपासून खरे सांगायचे बंद करतो. या घरात आमटीतला गूळ दोन वर्षांपूर्वीच बंद झाला होता, रविवारचा फाफडा-जलेबी नातवापुरता उरला होता आणि वहीत जेवणाच्या नोंदी नेमाने होत्या. मीटरचीही शंका घेऊन झाली. सीताफळ सोलून हात न धुता बोट टोचले की बोटावरची साखरच आकड्यात येते, म्हणून साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा मोजले. उपाशीपोटी २०४, रात्री जेवणाआधी २३८. आकडे खरे होते.

बाटली किती दिवस जाते?

सहावा वर्ग संपल्यावर वर्ग घेणाऱ्या मधुमेह एज्युकेटरने बाईंना एकटीला वीस मिनिटांचा कॉल लावला आणि स्लाइड न उघडता एकच प्रश्न विचारला.

“काकू, इन्सुलिनची एक बाटली तुम्हाला किती दिवस जाते?”

“वीस दिवस. कधी एकवीस.”

इथे कागदावर हिशेब मांडून पाहावा. भारतात बाटलीतून मिळणारे ह्यूमन इन्सुलिन बहुतेक वेळा ४० च्या मापाचे असते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. बाटली १० मिलिलिटरची, म्हणून तिच्यात ४०० युनिट. दिवसाला ५० युनिट घेणाऱ्या माणसाची बाटली आठ दिवसांत रिकामी व्हायला हवी. बाईंची वीस दिवस चालत होती. म्हणजे दिवसाला पोटात जात होते २० युनिट. उरलेले ३० कुठे गेले?

उत्तरे दोनच. एकतर बाई निम्म्याहून जास्त इंजेक्शने चुकवत होत्या, नाहीतर भरण्यात चूक होती. पहिले खरे मानायला वहीत जागा नव्हती, पण तसे तोंडावर विचारणेही बरे नाही. एज्युकेटर एवढेच म्हणाली, “उद्या संध्याकाळी तुम्ही इंजेक्शन घ्याल त्याच वेळी मी फोन करते. मला फक्त बघायचंय.”

वेळ मुद्दाम इंजेक्शनचीच धरली. दुपारी तीन वाजता ‘करून दाखवा’ म्हटले तर माणूस शिकवल्याप्रमाणे करून दाखवतो, शिक्षिका तर हमखास. संध्याकाळी साडेसातला कुकरची शिट्टी होत असते, टीव्ही चालू असतो, आणि हात सवयीने चालतात. बघायचे असतात ते हे हात.

फोन मांडण्याचीही एक रीत आहे. पुढचा कॅमेरा नको, मागचा. फोन हातात धरायचा नाही, कणकेच्या डब्याला टेकवून आडवा ठेवायचा. पडद्यावर चेहरा नाही आला तरी चालेल, ओट्यावरचा वीतभर भाग आला पाहिजे. उजेड समोरून किंवा वरून हवा, खिडकी पाठीशी आली की सगळे काळे दिसते. सिरिंजवरचे बारीक आकडे व्हिडिओत वाचता येत नाहीत. त्यासाठी सिरिंजमागे पांढरा कागद धरायचा आणि त्या क्षणी सुनेने दुसऱ्या फोनवरून फोटो काढून पाठवायचा. हा फोटो एज्युकेटरलाच, वर्गाच्या ग्रुपवर नाही. कुणाचे औषध आणि कुणाचा डोस हा चारचौघांत फिरवायचा विषय नव्हे.

“काकू, फोन जरा खाली घ्या, हात दिसू दे. हां. आता मी नाहीच असं समजा.”

बाईंनी फ्रिजच्या दारातून बाटली काढली, दोनदा खळखळ हलवली. बाटलीत हवा न सोडताच औषध ओढले, बुडबुडा टिचकीने वर आणला, दट्ट्या २० च्या रेषेवर आणला. टोपण नारिंगी होते.

फोटो आला. सिरिंजवर आकडे होते १०, २०, ३०, ४० आणि शेवटी ५०. ४० च्या मापाच्या एक मिलिलिटरच्या सिरिंजवर आकडे ४० ला संपतात, पन्नासची रेषा तिच्यावर असूच शकत नाही. ही अर्ध्या मिलिलिटरची, १०० च्या मापाची सिरिंज होती. इन्सुलिन टोचायच्या पेनमधल्या कार्ट्रिजचे (औषध भरलेल्या नळीचे) इन्सुलिन ज्या मापाचे असते, त्या मापाची.

फेब्रुवारीत मुलाने १०० नगांचे खोके ऑनलाइन मागवले होते. मेडिकलवाल्याकडे सुटी घेण्यापेक्षा स्वस्त पडते म्हणून. वस्तूच्या नावात ‘इन्सुलिन सिरिंज’ होते, त्याने तेवढेच वाचले. सुई बारीक, दुखत नाही, म्हणून बाईंनाही पसंत पडली. लाल टोपणाच्या जागी नारिंगी आले याकडे लक्ष जायला कुणी तसे सांगितलेले असावे लागते.

पॉइंट आणि युनिट

चुकीचे मूळ एका शब्दात आहे. आपल्याकडे इन्सुलिन घेणारा ‘युनिट’ म्हणत नाही, ‘पॉइंट’ म्हणतो. “किती घेता?” “तीस पॉइंट.” डॉक्टर ऐकतात तीस युनिट, आणि पुढचा डोस त्यावर ठरवतात. पण पॉइंट ही सिरिंजवरची रेघ आहे आणि युनिट हे औषध. सिरिंज आणि बाटली एकाच मापाची असेल तरच दोन्ही सारखे. नसले की:

१०० च्या सिरिंजचा ३० पॉइंट म्हणजे ०.३० मिलिलिटर. बाटली ४० ची. ०.३० गुणिले ४०, बरोबर १२ युनिट.

२० पॉइंट म्हणजे ०.२० मिलिलिटर. ८ युनिट.

म्हणजे फेब्रुवारीपर्यंत बाईंना दिवसाला ३० युनिट मिळत होते. सिरिंज बदलली त्या दिवशी ते १२ वर आले. डॉक्टरांनी तीनदा डोस वाढवून चिठ्ठीवर ५० केले तरी शरीरात पोचत होते २०, जुन्या डोसपेक्षाही दहाने कमी. ९.८ हा आकडा या हिशेबात चपखल बसतो.

चूक उलटी झाली तर जास्त धोक्याची. पेनच्या कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या ४० च्या सिरिंजने औषध ओढले, तर २० च्या रेषेला ५० युनिट भरतात. म्हणून कार्ट्रिजला सिरिंज लावायचीच नाही. पेन बिघडले तरी नाही.

सगळ्यात नाजूक रात्र

चूक सापडली की लगेच दुरुस्त करायचा मोह होतो, आणि अपघात इथेच व्हायचा. सुनेने लगेच विचारले, “खालून लाल सिरिंज घेऊन येऊ का? मेडिकल उघडं आहे.” आणली असती आणि बाईंनी चिठ्ठीप्रमाणे २० घेतले असते, तर ८ ऐवजी खरेच २० युनिट गेले असते. सकाळी १२ ऐवजी ३०. एका रात्रीत अडीचपट. पहाटे तीनला साखर ५० च्या खाली आणि घरात सगळे झोपलेले.

म्हणून एज्युकेटरने सांगितले ते ऐकायला विचित्र होते: आज रात्री काहीही बदलायचे नाही. तीच नारिंगी सिरिंज, तोच २० पॉइंट. आठ युनिटवर ही बाई महिनाभर होती, अजून एक रात्र राहील. उलट्या, धाप, गुंगी असे काही असते तर गोष्ट वेगळी होती, मग थेट सयाजी हॉस्पिटल गाठायचे. तसे काही नव्हते.

पुढचा फोन डॉक्टरांना. डोस बदलणे हे एज्युकेटरचे काम नाही, तिने डॉक्टरांना आकडे नीट द्यायचे. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार नोंदणीकृत डॉक्टर फोनवर किंवा व्हिडिओवर सल्ला देऊ शकतात, त्यामुळे बाईंना दुसऱ्या दिवशी रांगेत बसावे लागले नाही. डॉक्टरांना पाठवलेला निरोप चार ओळींचा होता: बाटली ४० ची, सिरिंज १०० ची, फेब्रुवारीपासून. चिठ्ठीवर ३० व २०, प्रत्यक्षात १२ व ८. हात धुऊन मोजलेले आकडे २०४ आणि २३८. आज रात्री बदल केलेला नाही.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांना कळायला हवी होती. बेंबीच्या उजवीकडे, जिथे बाई रोज टोचत, तिथे गाठी झाल्या होत्या. या तपासणीला कॅमेरा नको. सुनेने आतल्या खोलीत बोटांना साबणाचे पाणी लावून पोट चाचपले आणि फोनवर सांगितले, “सुपारीएवढं टणक लागतंय, दोन ठिकाणी.” गाठीत टोचलेले इन्सुलिन कधी उशिरा लागू पडते, कधी कमी. टोचण्याची जागा बदलून निरोगी ठिकाणी टोचायला लागले की तोच डोस जास्त लागू पडतो. म्हणजे डोस जपून ठेवायला दुसरे कारण.

डॉक्टरांनी ५० चा विचार सोडून दिला. पूर्वीच्या ३० वरही थेट गेले नाहीत. लाल सिरिंजने सकाळी १४ आणि रात्री १० वर सुरुवात, गाठींची जागा पूर्ण बंद, दर तीन-चार दिवसांनी आकडे बघून दोन-दोन युनिटांची वाढ. या इन्सुलिनमध्ये रात्रीच्या डोसचा हिशेब सकाळच्या उपाशीपोटीच्या साखरेवरून कळतो आणि सकाळच्या डोसचा रात्रीच्या जेवणाआधीच्या साखरेवरून. म्हणून मोजायच्या वेळा या दोन. पहिल्या दोन रात्री पहाटे तीनलाही मोजले: १६८ आणि १५१. सप्टेंबरअखेर डोस १६ आणि १२ वर स्थिरावला. उपाशीपोटी ११८ ते १३५.

मुलाने पुण्याहून सुचवले होते की नारिंगी सिरिंजा वाया कशाला घालवायच्या, अडीचने गुणून पॉइंट वाढवून घेतले की झाले. १६ युनिटांना ४० पॉइंट. गणित बरोबर आहे, पण ते पाठ असलेल्या बाई एखाद्या दिवशी तापात असतील आणि सून भरून देईल, किंवा उद्या डॉक्टर पेन लिहून देतील, तेव्हा हे गणित कोण लक्षात ठेवणार? खोके घरातून बाहेर गेले.

भरण्याच्या पद्धतीतल्या बाकीच्या चुका पुढच्या दोन कॉलमध्ये सुटल्या. मिश्र इन्सुलिन तळाशी बसते. खळखळवले की फेस होतो आणि माप चुकते. बाटली दोन तळव्यांमध्ये दहा वेळा घोळायची, दहा वेळा हलकेच उलटी-सुलटी करायची, सगळीकडे सारखी दुधी दिसली पाहिजे. जितके युनिट काढायचे तितकी हवा आधी बाटलीत सोडायची, नाहीतर आत ओढ बसते आणि औषध नीट येत नाही. टोचल्यावर दहा अंक मोजून मग सुई काढायची. बाईंनी पोटाचे चार भाग केले, आठवड्याला एक, आणि ती चौकट कॅलेंडरच्या मागे काढून ठेवली. शिक्षिकेचा हात, चौकट पट्टीने आखलेली.

चौथी माळ

नवरात्र तोंडावर आले. बाईंच्या घरी घट बसतात, आणि आजवर त्यांनी नऊ दिवस उपवास केला होता. ३०/७० हे इन्सुलिन ठरलेल्या वेळच्या जेवणाला बांधलेले असते, ते टोचून पोट रिकामे ठेवणे जमत नाही. ‘उपवास करू नका’ एवढे सांगून एज्युकेटरला मोकळे होता आले असते, पण मग उपवास होतोच आणि सांगितला जात नाही. बाईंनीच मार्ग काढला: उठता-बसता करते. घट बसताना एक आणि उठताना एक, दोनच दिवस. त्या दोन दिवसांचा डोस डॉक्टरांनी वेगळा लिहून दिला. साबुदाण्याची खिचडी वाटीभरच, कारण कोरडा साबुदाणा ५० ग्रॅम घेतला तरी त्यात ४० ग्रॅमच्या वर कर्बोदके असतात. सोबत दही आणि दाण्याची आमटी. बडोद्यात मोरैयो म्हणून मिळणारी वरीही साखर वाढवते, तिचीही वाटी मोजायचीच.

गडबड झाली ती उपवासाच्या दिवशी नाही, चौथ्या माळेला. रात्री आठला इन्सुलिन घेतले, ताट साडेआठला होते. शेजारणी आल्या, आरत्या लांबल्या, जोगवा झाला. सव्वानऊला बाईंना घाम फुटला, हात थरथरू लागले. मीटरवर ६२. हातात प्रसादाचा पेढा होता, तो खाल्ला. पंधरा मिनिटांनी ६४. पेढ्यातल्या तुपा-खव्यामुळे साखर सावकाश रक्तात उतरते, हायपोत तो उपयोगाचा नाही. मग सुनेने तीन चमचे साखर अर्ध्या पेल्यात विरघळवून दिली. आणखी पंधरा मिनिटांनी ९८, आणि मग जेवण. ‘१५ ग्रॅम’ हे बाईंनी चाचणीत बरोबर लिहिले होते. पण देवासमोर, हातात पेढा असताना, १५ ग्रॅम म्हणजे साखरेच्या डब्यातले तीन चमचे हे आठवावे लागते. दुसऱ्या दिवशी देव्हाऱ्याशेजारी साखरेची पुडी आली, तीन चमचे आधीच मोजलेली.

क्रमही बदलला. आधी आरती पूर्ण, मग इन्सुलिन, मग कोशिंबीर चिरणे आणि पोळ्या गरम करणे. ह्यूमन इन्सुलिनला जेवणाआधी लागणारा अर्धा तास स्वयंपाकघरातच निघतो. नंतर नातवाचा गरबा बघायला मैदानावर जायचे ते जेवून आणि पिशवीत मीटर घेऊन.

वर्गात काय बदलले

पुढच्या तुकडीचा पहिला रविवार स्लाइडशिवाय झाला. २८ ऐवजी आठ जण, माइक उघडे. प्रत्येकाने तीन वस्तू कॅमेऱ्यासमोर ठेवायच्या: बाटली किंवा पेन, सिरिंज, वही. बाटलीवर ४० आहे की १००, सिरिंजवर काय, ते मोठ्याने वाचायचे. टोपणाच्या रंगावर विसंबायचे नाही, नळीवर छापलेले वाचायचे, कारण टोपणे अदलाबदल होतात. आणि पहिल्या फॉर्ममध्ये ‘किती पॉइंट घेता’ च्या खाली एक ओळ वाढली: एक बाटली किती दिवस जाते?

‘समजलं का?’ हा प्रश्न वर्गातून गेला. त्याला कुणी ‘नाही’ म्हणत नाही.

बाईंचे डिसेंबरचे एचबीएवनसी ७.७ आले. आता त्या नव्या बाटलीच्या लेबलवर उघडल्याची तारीख बॉलपेनने लिहितात, आणि शेजारी संपायची. २८ युनिट रोज, ४०० ची बाटली, म्हणून चौदा दिवस. २ नोव्हेंबरला सकाळी उघडलेली बाटली १५ तारखेच्या रात्री संपली. तळाशी आठेक युनिट उरले होते.